चार पायांच्या गिऱ्हाइकांचा विमा

"सर, दुकानाचा विमा उतरवता येतो हे कळलं. पण दुकानदार कुणाचं ऐकतच नसेल, तर त्याच्या हट्टाचा विमा उतरवता येतो का?"

तोफेने हा प्रश्न थेट वर्गात आलेल्या पाहुण्यांना विचारला. मग मागच्या बाकावर खी खी सुरू झालं आणि बघता बघता पहिल्या बाकापर्यंत पोचलं. पैज शेजारी बसणाऱ्या लांबडीने लावली होती, फूस मागच्या बाकावरच्या भिंगरीची होती. "पाहुण्यांना विचारून दाखव, तर तू खरी तोफ!" असं भिंगरी म्हणाली होती, आणि तोफेला एवढं पुरे होतं.

मागच्या वर्षीपर्यंत हीच मुलगी हजेरीला "हजर" इतक्या हळू म्हणायची की बाई तिची गैरहजेरी मांडायच्या. मग एकदा वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी ठरलेल्या मुलीचा घसा बसला, हिला ढकलून स्टेजवर उभं केलं आणि हिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून सगळ्यांच्या आधी हीच दचकली. तेव्हापासून तिला सगळे तोफ म्हणतात. घरीसुद्धा. आणि आपण तोफ आहोत हे तोफेला कळल्यापासून ती कुठल्याही विषयावर, कुणाहीपुढे, न विचारता धडाडते.

पाहुणे विमा कंपनीचे सर्व्हेअर होते. 'व्यवसायांची ओळख' या तासाला आपल्या कामात काय काय असतं ते सांगायला आले होते. खिशात मोजायची टेप आणि चेहरा असा, की हसले तर पगारातून कापून घेतात.

"असा दुकानदार तुझ्या ओळखीचा आहे?" त्यांनी विचारलं.

शहाण्या मुलीने इथे "नाही सर, सहज विचारलं," म्हणून खाली बसायचं असतं.

"माझे बाबाच, सर! कुत्र्यामांजरांच्या सामानाचं दुकान आहे आमचं. म्हणजे प्राणी नाही विकत, प्राण्यांना लागतं ते सगळं विकतो. खाद्य, पट्टे, गाद्या, फिशटँक. बाबा शिडी वापरतच नाहीत. खाद्याच्या पोत्यांची छताला लागेल एवढी थप्पी आहे, तिच्यावरच चढतात. आणि आग विझवायचा सिलिंडर आहे आमच्याकडे, पण दार आपटू नये म्हणून तो दाराला टेकवलाय."

"पोस्टाच्या मागच्या गल्लीत?"

"हो सर!"

"शिंप्याच्या शेजारी?"

"हो सर! तुम्ही आलाय का कधी?"

"अजून नाही," सर्व्हेअर म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी येतोय. तपासणीला."

तोफ खाली बसली. "जिंकलीस गं," लांबडी तिच्या कानात म्हणाली. पैजेचं काय ते मागायचंही तोफेला सुचलं नाही.

का सुचलं नाही, ते सांगायला हवं. दुकानाचा गाळा ज्यांचा आहे त्या मालकीणबाईंनी बजावलं होतं की विमा असेल तरच भाडेकरार वाढवणार, नाहीतर गाळा रिकामा करा. विमा कंपनी म्हणत होती की आमचा माणूस बघून जाईल, त्याला दुकान धोक्याचं वाटलं तर पॉलिसी विसरा. आणि या दोघांच्या मागे मामा उभा होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याचं मोठं ऑफिस आहे आणि त्या ऑफिसात एक खुर्ची कायम बाबांसाठी रिकामी असते. "दुकान गेलं तर जाऊ द्या भावोजी, माझ्याकडे या. एसीत बसायचं, कागद सरकवायचे!" असं तो इतक्या प्रेमाने म्हणतो, की बाबांना त्याचा रागही धड येत नाही, फक्त घाम फुटतो.

कारण बाबांना बसता येत नाही. जेवतानासुद्धा ते अर्धे उठलेले असतात. दुकानात गिऱ्हाईक आलं की ते आधी कुत्र्याची विचारपूस करतात, मग माणसाची. माणसांची नावं त्यांना आठवत नाहीत. गल्लीतले सगळे त्यांच्या लेखी कुणा ना कुणा प्राण्याचे आई किंवा बाबा आहेत. अशा माणसाला खुर्चीत बसवून कागद सरकवायला लावायचं म्हणजे फिशटँकमधला मासा काढून बरणीत ठेवण्यासारखं आहे. जगेल, पण बघवणार नाही.

"तू त्यांना काय काय सांगितलंस?" बाबांनी संध्याकाळी विचारलं.

"खरं ते."

"सगळं?"

"फिशटँकमागच्या एक्स्टेन्शन बोर्डाचं राहिलं."

बाबांनी डोक्याला हात लावला. "अगं, पण इतक्या वर्षांत दुकानात कधी काही झालंय का?"

आई दवाखान्यात नर्स आहे. घरातली बँडेजं कुठे आणि कुणामुळे संपतात हे तिला तोंडपाठ असतं. "मनगट," ती भाजी चिरता चिरता म्हणाली.

"ते किरकोळ होतं."

"घोटा."

"तो घरी येताना मुरगळला."

"अहो, मुरगळला होता म्हणून तुम्ही घरी आलात."

बाबा उठून पाणी प्यायला गेले. आईपुढे हरले की त्यांना तहान लागते.

त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर तोफेने स्वतःची दुकानाची सुरक्षा अधिकारी म्हणून नेमणूक केली. विरोध कुणी केला नाही, कारण कुणाला बोलायला जागाच मिळाली नाही. सर्व्हेअरांचं भाषण तिने शब्दन् शब्द ऐकलं होतं. जड सामान खाली, हलकं वर. सांडलं की लगेच शोषून घेणारी वाळू टाका. बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा. सूचना ठळक लावा. "यात कठीण काय आहे?" असं तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता झोपायला गेली.

रविवारी दुकान बंद ठेवून मोहीम सुरू झाली. पोत्यांची थप्पी मोडायची आणि एकेक पोतं भिंतीकडेने जमिनीवर आडवं लावायचं. थप्पी इतकी उंच का, हे बाबांनाही सांगता येईना. सुरुवातीपासून तशीच होती, बस्स. पण ती मोडताना त्यांचा चेहरा असा झाला, जणू घराचा जिना काढतायत.

"गुडघ्यात वाका, बाबा! कमरेत नाही! पाठ सरळ!"

"अगं, मी तुझ्या जन्माच्या आधीपासून पोती उचलतोय."

"म्हणूनच पाठ अशी झालीये."

शेजारच्या शिंप्यांना सगळी गल्ली कात्रीकाका म्हणते, कारण बोलताना त्यांच्या हातात कात्री असते आणि समोरच्याचं वाक्य ते मध्येच कापतात. ते दारात येऊन उभे राहिले. "माझं ऐकाल, तर तपासणीला सगळं सामान माझ्याकडे ठेवा. रिकामं दुकान बघून साहेब खूश होतील. रिकाम्या दुकानात—"

"काका, रिकाम्या दुकानाचा विमा कशाला उतरवायचा?"

वाक्य कापलं गेल्यावर कसं वाटतं हे काकांना बहुधा पहिल्यांदाच कळलं. ते आपल्या दुकानात परत गेले आणि मांजरीशी बोलत बसले. मांजरीचं नाव रीळ. ती दिवसभर शिवणयंत्राच्या पायथ्याशी पडून असते आणि गल्लीतल्या कुठल्याही कामात भाग घेत नाही. हे इथे मुद्दाम सांगायचं, कारण शुक्रवारी तिने नेमका भाग घेतला.

समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या काकूंनी सल्ला दिला की पाट्या मोठ्या अक्षरांत हव्यात. "लोकांना दिसत नाही गं. माझा धंदाच त्यावर आहे." म्हणून तोफेने पाट्या केल्या. 'सावकाश चाला.' 'ओले असू शकते.' 'वाकून उचला.' 'इथे चढू नये.' ही शेवटची बाबांसाठी होती, म्हणून तिच्यात लाल रंग जास्त. 'डोके सांभाळा' ही पाटी दाराच्या वर लटकवली, ती जरा खाली आली, आणि सोमवारी उघडल्याबरोबर पहिल्याच गिऱ्हाइकाचं कपाळ तिच्यावर आपटलं. "पाटी नसती तर लागलं नसतं," ते गिऱ्हाईक कपाळ चोळत म्हणालं. माणसांना सुरक्षेची कदर नसते, असा तोफेने त्यातून निष्कर्ष काढला.

मागच्या दाराशी वर्षानुवर्षं रचलेले पिंजरे तिने हलवले, तेव्हा दुकानाला मागे दार आहे हे कात्रीकाकांना नव्याने कळलं. सिलिंडर पुसून खुंटीला टांगला. एक्स्टेन्शन बोर्डाला मात्र बाबांनी हात लावू दिला नाही. "त्याला मी बघतो, विजेशी तू खेळायचं नाही," ते म्हणाले आणि तेवढ्यापुरता त्यांचा आवाज असा होता, की तोफसुद्धा दोन पावलं मागे सरली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती धावतच दुकानात आली. सर्व्हेअर आलेच होते. टेप काढून त्यांनी दाराची रुंदी मोजली, मागची वाट मोजली, सिलिंडरची तारीख पाहिली. पाट्या तर एकूण एक वाचल्या, वाकून वाचायची होती ती वाकून. बाबा त्यांच्या मागे मागे. दोन्ही हात पाठीशी बांधलेले, म्हणजे चुकून कशावर चढणार नाहीत.

"जड सामान खाली घेतलंत," सर्व्हेअर म्हणाले. "चांगलं आहे."

तोफेने बाबांकडे बघितलं. बाबांनी तोफेकडे बघितलं. मामाची खुर्ची दोघांच्याही डोळ्यांसमोरून निदान दोन हात मागे सरकली.

आणि नेमक्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई सोफाला घेऊन आत आल्या.

सोफा हा कुत्रा आहे. त्याला हे नाव का पडलं ते त्याच्याकडे एकदा बघितल्यावर कुणी विचारत नाही. हा सोफा इतकी वर्षं दर आठवड्याला दुकानात यायचा, थप्पीच्या शेंड्यावरच्या आपल्या आवडत्या खाद्याकडे मान वर करून बघायचा, एक उसासा टाकायचा आणि शहाण्यासारखा घरी जायचा. आज तो आत आला, त्याने सवयीने मान वर केली, वर काहीच दिसेना म्हणून खाली केली, तर ते सगळं खाद्य भिंतीच्या कडेकडेने थेट नाकासमोर मांडलेलं होतं.

सामान खाली ठेवायचा नियम ज्यांनी केला, त्यांची गिऱ्हाइकं दोन पायांवर येत असणार.

"सोफा, नाही!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. सोफाने ते ऐकलं असावं, कारण त्याने घाई केली. पोतं फाटलं. खाद्याचे गोल गोल दाणे दुकानभर धावले. आनंदाच्या भरात त्याची शेपटी फिशटँकच्या पंपाच्या नळीला लागली, नळी निसटली आणि पाण्याची धार जमिनीवर सुरू झाली.

तोफ डगमगली नाही. उलट, याच क्षणासाठी आपला जन्म झालाय असं तिला वाटलं. सांडलं की वाळू! शोषून घेणारी वाळू दुकानात हवी तेवढी होती, मांजरांसाठी विकायला ठेवलेली. तिने एक पिशवी फोडली आणि दुकानाच्या मधोमध, सर्व्हेअरांच्या बुटांपुढे ऐटीत ओतली. "बघा सर, तुम्ही सांगितलं होतं तसं!"

पाणी शोषलं गेलं. वाळूचा छान मऊ ढीग झाला. आरडाओरडा ऐकून काय चाललंय ते बघायला शेजारून रीळ आली. तिने ढीग पाहिला. एवढा मोठा, एवढा स्वच्छ, आणि भर दुकानात खास तिच्यासाठी. ती त्यावर चढली, दोनदा उकरलं आणि डोळे अर्धे मिटून, कुणाकडेही न बघता बसली.

"अगं, ही काय करतेय?" सर्व्हेअरांनी विचारलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते सभ्यपणे एक पाऊल मागे सरले. ते पाऊल दाण्यांवर पडलं. दाणे फिरले, बूट फिरला, टेप हातातून उडाली, आणि विमा कंपनीचे अधिकृत सर्व्हेअर दोन्ही हात पसरून मागे गेले ते थेट विक्रीला ठेवलेल्या सर्वांत मोठ्या कुत्र्याच्या गादीत. सोफाच्या मापाची होती ती. सोफालाही तसंच वाटलं असावं, कारण खाणं सोडून तो आला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला.

तोफेच्या तोंडून आवाज फुटेना. वर्षभरात पहिल्यांदाच. पाणी मात्र अजून येत होतं. वाळूच्या कडेने वाट काढत ते फिशटँकमागे चाललं होतं, त्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे. तिला ते दिसत होतं आणि पाय हलत नव्हते.

"जागेवरून हलू नकोस," बाबा म्हणाले. ओरडले नाहीत. दोन ढांगांत ते मेन स्विचपाशी पोचले आणि दुकानातले दिवे गेले. मग पंपाचा प्लग काढला, नळीला बोळा लावला, सोफाच्या पट्ट्याला हात घालून त्याच्या कानात काहीतरी पुटपुटले. सोफा लगेच उठला. मागचं दार उघडून बाबांनी आधी सोफा आणि डॉक्टरीणबाईंना अंगणात पाठवलं, मग सर्व्हेअरांना हात देऊन उठवलं, रीळला काखेत घेतलं. "लागलं का? पाठीला? मान वळवून बघा. सोफा, तुझ्या पायात दाणा तर नाही? तोफ, तुझे हात दाखव, ओले आहेत का?" विम्याचं एका अक्षराने विचारलं नाही. पॉलिसी, गाळा, मामा, सगळं जणू ते विसरूनच गेले होते. 

अंगणात सर्व्हेअरांनी कपडे झटकले. बाबा उडालेली टेप शोधून घेऊन आले. सर्व्हेअरांनी ती घेतली. मग खाली वाकले, गुडघ्यात, आणि जमिनीपासून सोफाच्या नाकापर्यंतचं अंतर मोजलं. मग म्हणाले, "याला मान वर करायला सांगा." बाबांनी सांगितलं. त्यांनी परत मोजलं. मग बाबांना सरळ उभं केलं आणि त्यांच्या छातीची उंची मोजली.

"वर केलेलं नाक आणि तुमची छाती, जड पोती या दोन मापांच्या मध्ये," ते म्हणाले. "भिंतीला ठोकलेल्या मांडणीवर. आमच्या नियमात कुत्र्याचं नाक नाही. यापुढे मी मोजत जाईन." तोफ शपथेवर सांगायला तयार होती की त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"म्हणजे पॉलिसी...?" बाबांनी विचारलं.

"बोर्ड बदला, मांडणी करा. आणि दुकानाच्या सुरक्षेला जबाबदार असा एक माणूस हवा. उद्या सकाळी मला नाव कळवा. नाव पटलं तर पॉलिसी, नाही पटलं तर नाही."

"ही," बाबा पटकन म्हणाले. "सगळं हिनेच केलंय."

"सज्ञान माणूस लागतो." सर्व्हेअरांनी टेप खिशात टाकली. "आणि तुमचं स्वतःचं नाव देणार असाल तर विचार करा. तुमच्याबद्दल मी वर्गात बरंच ऐकलंय."

बाबा हसले. पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही, आणि मामाची खुर्ची परत दोन हात पुढे सरकली.

संध्याकाळी जेवायला तिघं बसले. बाबा पूर्ण बसले होते. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, वाढायलासुद्धा उठले नाहीत. तोफेने त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"अगं, तुझं नाव देऊ का?" त्यांनी आईला विचारलं.

"माझी ड्यूटी कोण करणार? आणि मी सांगून तुम्ही ऐकलं असतं तर घरात एवढी बँडेजं लागली असती का?"

"तेच म्हणतोय मी." बाबा ताटात रेघोट्या ओढत होते. "साहेब काही चुकीचं बोलले नाहीत. बोर्ड मीच तसा ठेवला होता. आज ही त्या पाण्याच्या शेजारी उभी होती. आणखी जरा वेळ गेला असता तर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "उद्या तुझ्या भावाला फोन करतो. खुर्ची आहे म्हणाला होता ना."

आईचा हात तोंडापाशीच थांबला. ती काहीतरी बोलणार होती, पण त्याच्या आत तोफ उठून उभी राहिली होती. आवाज मात्र तोफेचा नव्हता. थोडा हजेरीच्या वेळचा होता, फक्त या वेळी ऐकू येत होता.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्या साहेबांना फोन मी करणार, आणि नाव बाबांचं देणार. थांबा, मध्ये बोलू नका. वर्गात मी त्यांना शिडीचं सांगितलं, सिलिंडरचं सांगितलं, पण पाणी आलं तेव्हा मी नुसती उभी होते आणि बाबांनी एकाही प्राण्याला, एकाही माणसाला ओरखडा येऊ दिला नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. ते मी त्यांना परत सांगणार, नीट, पहिल्यापासून. त्यांना पटलं तर पटलं, नाही पटलं तर पटेपर्यंत सांगणार, मला वेळ आहे. बाबा, बोर्ड तुम्ही उद्याच बदलायचा आणि शिडी विकत आणायची, चांगली, रबराच्या पायांची. आणि मी आता अधिकारी वगैरे नाही. शाळा सुटली की रोज दुकानात येणार आणि तुम्ही सोफाच्या कानात काय सांगता, ते आधी शिकणार. अभ्यास करेन, आई, तसं बघू नकोस, काउंटरच्या मागे बसून करेन. पण येणार. हे झालं ठरलेलं, आता जेवा."